नोंदणी झाली म्हणजे नाव आपलं झालं का?

1995 च्या जानेवारीत ग्लॅक्सो या ब्रिटिश औषध कंपनीने वेलकम ही दुसरी मोठी औषध कंपनी ताब्यात घेण्याचा इरादा जाहीर केला. दोघींची मिळून जी कंपनी होईल तिचं नाव दोन्ही नावं जोडूनच ठेवणार, हेही सांगून टाकलं. बातमी बाहेर पडते न पडते तोच तिऱ्हाइतांनी 'ग्लॅक्सोवेलकम लिमिटेड' नावाची कंपनी नोंदवून घेतली. नोंदणी कार्यालयाने हरकत घेतली नाही, कारण दप्तरात त्या नावाची दुसरी कंपनी नव्हती. नाव सोडा म्हटल्यावर उत्तर आलं, 1,00,000 पौंड द्या. प्रकरण न्यायालयात गेलं, तिथे त्यातली लबाडी उघडी पडली आणि नाव बदलण्याचा हुकूम झाला.

या प्रकरणात मला लबाडीपेक्षा जास्त खटकतो तो नोंदणी कार्यालयाचा शिक्का. कार्यालयाने कायद्यात बसतं तेवढं केलं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. नेमकं हेच जगभर रोज प्रामाणिक माणसांच्या बाबतीतही घडत असतं. शिक्का मिळालेलं नाव आधीच दुसऱ्या कोणाचं तरी असतं आणि अर्जदाराला त्याचा पत्ताही नसतो. तो प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावतो, पाटी रंगवतो, खोक्यांवर नाव छापून घेतो, वेबसाइट काढतो. गिऱ्हाईक जरा ओळखू लागतं, तेवढ्यात वकिलाची नोटीस येते. 'अहो, पण सरकारनेच तर हे नाव मंजूर केलंय!' हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की त्यामागचा हताशपणा आता न सांगता ओळखू येतो.

कंपनीचं नाव मंजूर करणारी यंत्रणा अर्जदाराला अर्धंच सत्य सांगते. उरलेलं अर्धं सत्य ज्याला आधीच वकील गाठता येतो, त्याच्याच कानावर जातं. ही विषमता दूर करणं अवघड नाही आणि ती दूर झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण त्यासाठी आधी नावाच्या बाबतीत कायदा नक्की कशाची राखण करतो, ते नीट समजून घ्यायला हवं. तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

दोन वह्या असतात. एक कंपन्यांची, दुसरी ट्रेडमार्कची म्हणजे व्यापारचिन्हांची. कंपन्यांच्या वहीला मुख्यतः एकच गोष्ट ठाऊक असते: हुबेहूब किंवा जवळजवळ याच नावाची कंपनी आधीपासून आहे का? कर भरायला, करार करायला, कोर्टात उभं राहायला प्रत्येक कंपनीची ओळख वेगळी हवी, म्हणून ही वही. ट्रेडमार्कच्या वहीचा प्रश्न निराळाच आहे. हे नाव अमुक मालावर किंवा अमुक सेवेवर पाहून गिऱ्हाईक कोणा दुसऱ्याचा माल समजून घेईल का? 1957 च्या नीस करारातून आलेल्या वर्गवारीत आज माल आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत, आणि हा प्रश्न वर्गागणिक विचारला जातो. त्याशिवाय तिसरी एक वही आहे, जी कुठेच ठेवलेली नसते. नोंदणी न करता वर्षानुवर्षं वापरून ज्यांनी नाव कमावलं, त्यांचे हक्क तिच्यात असतात. दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवू नये, हे तत्त्व इंग्लंडमधल्या न्यायालयांनी ट्रेडमार्कची नोंदवही उघडण्याच्या आधीपासून मानलं होतं. ती नोंदवही 1 जानेवारी 1876 ला उघडली आणि बास या मद्य कंपनीचा लाल त्रिकोण तिच्यात पहिला नोंदवला गेला.

या वह्या एकमेकींशी बोलत नाहीत, किंवा बोलल्याच तर फार हळू बोलतात. कायदे करणाऱ्यांना हे माहीत नाही असं मुळीच नाही. भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 16 च बघा. नोंदवलेल्या ट्रेडमार्कशी फार मिळतंजुळतं नाव एखाद्या कंपनीला मिळालं असेल, तर ट्रेडमार्कचा मालक 3 वर्षांच्या आत अर्ज करून ते बदलायला लावू शकतो. ब्रिटनने तर 2008 मध्ये कंपन्यांच्या नावांच्या तंट्यांसाठी वेगळं न्यायाधिकरणच सुरू केलं. म्हणजे आज दिलेलं नाव उद्या काढून घ्यावं लागेल, याची तजवीज कायद्यात आधीच करून ठेवलेली आहे. ज्याला नाव देतात त्याला मात्र हे ठळकपणे सांगत नाहीत.

आता कायदा राखण कशाची करतो ते पाहू. शब्दाची नव्हे, एवढं पक्कं. याचा सगळ्यात स्वच्छ दाखला एक्सॉनचा. अमेरिकेतल्या या तेल कंपनीने 1972 मध्ये हे नाव घेतलं. शब्द पूर्णपणे घडवलेला, कोणत्याही भाषेत कसलाही अर्थ नसलेला, आणि तो शोधायला बरीच मेहनत घेतलेली. इंग्लंडमध्ये विम्याचा सल्ला देणाऱ्या एका फर्मने तोच शब्द आपल्या नावात घातला, तेव्हा एक्सॉनने इतर दाव्यांबरोबर असाही दावा केला की हा शब्द आमची साहित्यकृती आहे, त्यावर आमचा कॉपीराइट आहे. 1981 च्या निकालात हा दावा फेटाळला गेला. एकटा शब्द, तो कितीही कष्टाने घडवलेला असो, साहित्यकृती होत नाही. पण त्याच प्रकरणात त्या फर्मला नाव वापरायला मनाई मात्र झाली, कारण लोकांची दिशाभूल झाली असती. मला हा निकाल फार नेमका वाटतो. कायद्याने एक्सॉनला शब्दाची मालकी दिली नाही. गिऱ्हाइकाच्या मनात त्या शब्दाशी जोडल्या गेलेल्या ओळखीला संरक्षण दिलं. ही ओळख बाहेरून बघणाऱ्याच्या मनात असते आणि कंपनीला ती फक्त वागणुकीतून कमावता येते. नोंदणी ही त्या कमाईची पावती असते. कमाईच नसेल तर पावतीचा उपयोग फार थोडे दिवस.

हे एकदा पटलं की नाव कसं निवडावं याचं उत्तरही बरंचसं मिळतं. अमेरिकेत 1976 मध्ये हेन्री फ्रेंडली या न्यायाधीशांनी 'सफारी' या शब्दावरच्या खटल्यात नावांची एक उतरंड मांडली, ती आजही वापरतात. मराठीत करून सांगतो. समजा कोणी पादत्राणं बनवतं. त्याने कंपनीचं नाव 'चप्पल' ठेवलं तर संरक्षण शून्य, कारण तो वस्तूचाच शब्द झाला. 'टिकाऊ चप्पल' ठेवलं तर जवळजवळ शून्य, कारण टिकाऊ चप्पल बनवतो असं सांगायचा हक्क सगळ्यांनाच आहे. 'पायवाट' ठेवलं तर ऐकणाऱ्याला दोन पावलं कल्पनेने चालावं लागतं, तिथून संरक्षण सुरू होतं. 'कोकिळा' ठेवलं तर शब्द ओळखीचा, पण पादत्राणांशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून संरक्षण आणखी पक्कं. आणि 'वेंडुर' असा कोणी न ऐकलेला शब्द घडवला तर सगळ्यात भक्कम.

धंदा सुरू करणारा माणूस नेमका उलटा विचार करतो. त्याला वाटतं, नावातूनच काम कळलं पाहिजे, म्हणजे जाहिरातीचा खर्च वाचेल. ही ओढ मला समजते. हाती पैसा थोडा असतो आणि 'वेंडुर' म्हणजे काय हे पाच हजार लोकांना समजावत बसायला वेळही नसतो. पण वर्णन करणारं नाव घेतलं की त्याची किंमत पुढे चुकवावीच लागते. 1946 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, ऑफिसांची साफसफाई करणाऱ्या दोन व्यवसायांचं भांडण आलं. एकाचं नाव 'ऑफिस क्लीनिंग सर्व्हिसेस', दुसऱ्याचं 'ऑफिस क्लीनिंग असोसिएशन'. पहिल्याचं म्हणणं, लोक आमच्यात आणि त्यांच्यात घोटाळा करतात. घोटाळा होणारच होता. निकाल मात्र पहिल्याच्या विरोधात गेला. सगळ्यांच्या वापरातले शब्द नाव म्हणून घेतले, तर थोडा घोटाळा सोसावाच लागेल, आणि एका शब्दाचा फरकही वेगळेपणासाठी पुरेसा धरला जाईल, असं त्यामागचं तत्त्व. मला हे न्याय्य वाटतं. भाषेतून उचललेल्या शब्दाला कुंपण घालायला भाषा कोणाची खासगी जमीन नाही.

याला अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. वर्णन करणारे शब्दही दीर्घ वापराने एकाच व्यवसायाची खूण बनू शकतात. 1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेच 'कॅमल हेअर बेल्टिंग' म्हणजे उंटाच्या केसांचे पट्टे या शब्दांच्या बाबतीत ते मान्य केलं होतं. यंत्रांना लागणारे ते पट्टे खरोखरच उंटाच्या केसांचे होते, तरी बाजारात त्या शब्दांवरून एकाच कारखान्याचा माल ओळखला जाई. पण अशी ओळख जमायला वर्षं लागतात, ती सिद्ध करायला पुरावे लागतात, आणि तोवर तुम्ही उघड्यावर असता.

जॉर्ज ईस्टमन यांनी 1888 मध्ये 'कोडॅक' नोंदवलं तेव्हा विचार अगदी साधा होता. शब्द छोटा हवा, उच्चार चुकायला वाव नको, आणि तो दुसऱ्या कशासारखाही वाटायला नको. पुढे सगळं जग तो शब्द शिकलं. टोकियोतल्या एका कंपनीने आपलं लांबलचक जपानी नाव सोडून 1958 मध्ये 'सोनी' घेतलं, तेव्हाही हीच दृष्टी होती. आपला माल देशाबाहेर जाणार, तर नाव परक्या जिभेवर सहज बसलं पाहिजे.

जाता जाता एक धोका सांगून ठेवतो, कारण तो फार भावनेचा असतो. अनेकांना स्वतःचं नाव कंपनीला द्यावंसं वाटतं. द्यावं, पण कंपनी विकली तर नावही जाऊ शकतं, हे लक्षात ठेवून. एलिझाबेथ इमॅन्युएल या ब्रिटिश वस्त्ररचनाकारांनी 1981 मध्ये राजकुमारी डायनाच्या लग्नाचा पोशाख केला होता. पुढे त्यांच्या नावाचा ट्रेडमार्क व्यवसायाबरोबर दुसऱ्यांच्या हाती गेला. त्यांनी त्याला हरकत घेतली, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचलं. 2006 मध्ये न्यायालय म्हणालं, ती व्यक्ती आता त्या व्यवसायात नाही एवढ्यानेच ते नाव फसवं ठरत नाही. आईबापांनी ठेवलेलं नाव धंद्यात वापरताना दुसऱ्याची परवानगी काढायची वेळ येणं, याहून जिव्हारी लागणारं काय असेल! भागीदारीच्या करारात नावाबद्दलचं कलम सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहिलं जातं. ते सगळ्यात आधी लिहावं.

नावाच्या निवडीत अर्जदाराची चूक असते, तशी व्यवस्थेचीही असते, आणि माझा खरा आक्षेप तिच्यावर आहे. साध्या शब्दांना कुंपण घालू नका, असं एका बाजूने कायदा सांगतो. ज्यांच्याकडे पैसा आहे ते दुसऱ्या बाजूने कुंपणं घालतच राहतात. मायक्रोसॉफ्टने 2001 मध्ये 'लिंडोज' या संगणकप्रणालीवर दावा लावला, कारण नाव 'विंडोज'सारखं वाटतं. न्यायाधीशांनी तात्पुरती मनाई नाकारली आणि 'विंडोज' हा मुळातच संगणकांच्या जगातला सर्वसाधारण शब्द होता की काय, अशी शंका व्यक्त केली. अखेर 2004 मध्ये तडजोड झाली: मायक्रोसॉफ्टने 2 कोटी डॉलर दिले, लिंडोजने नाव बदलून 'लिनस्पायर' केलं. दावा लावणाऱ्यानेच पैसे मोजावेत, ही गोष्ट बोलकी आहे. 'खिडक्या' हा शब्द आपला आहे की नाही, हे निकालात लिहून यायला नको, म्हणून ते पैसे गेले असावेत, असं मला वाटतं.

2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बुकिंग डॉट कॉम' हे नाव ट्रेडमार्क होऊ शकतं असा निर्णय 8 विरुद्ध 1 मतांनी दिला. एका पाहणीत सुमारे 75 टक्के लोकांनी ते विशिष्ट कंपनीचं नाव म्हणून ओळखलं होतं, त्याला न्यायालयाने वजन दिलं. या निर्णयातला विचार मला समजतो. ओळख लोकांच्या मनात असते, मग लोकांनाच विचारा. पण विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेयर यांची भीती मला जास्त खरी वाटते. सर्वसाधारण शब्दापुढे 'डॉट कॉम' लावलं आणि भरपूर जाहिरात केली की लोक ओळखू लागतातच. म्हणजे जाहिरातीला पैसा असलेल्याला भाषेतला शब्द विकत मिळतो. अशा नावाचं संरक्षण तोकडंच राहील, असा दिलासा बहुमताने दिला आहे. पण नोटीस हातात पडलेल्या छोट्या कंपनीला संरक्षण किती तोकडं आहे हे कळायला वकीलच लागतो, आणि कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा ती नाव बदलून मोकळी होते.

याच्या उलट, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्काय आणि स्कायकिक यांच्या प्रकरणात दिलेल्या निकालाचं मी मनापासून स्वागत करतो. स्काय ही दूरचित्रवाणीतली मोठी कंपनी. तिने 'आकाश' असा अर्थ असलेला तो शब्द अशा कितीतरी वस्तूंसाठी नोंदवून ठेवला होता, ज्या ती कधी विकणारच नव्हती. त्या यादीत चाबूकसुद्धा होते. याच शब्दापायी मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही 2013 मधल्या निकालानंतर 'स्कायड्राइव्ह' सोडून 'वनड्राइव्ह' हे नाव घ्यावं लागलं होतं. स्कायकिकसारख्या छोट्या कंपनीने मात्र लढा सोडला नाही. वापरायचा हेतूच नसताना इतक्या अघळपघळ वस्तूंसाठी नाव अडवून ठेवणं म्हणजे कुहेतूने केलेला अर्ज, असं न्यायालयाने म्हटलं. स्कायकिकचं सगळंच मान्य झालं असं नाही, एका सेवेपुरतं उल्लंघन कायम राहिलं. पण नाव अडवून ठेवणाऱ्यांना मिळालेला इशारा स्पष्ट आहे.

माझ्या मते हीच दिशा सगळ्या देशांनी धरावी. वापरत नसाल तर सोडा. बहुतेक कायद्यांत 3 किंवा 5 वर्षं न वापरलेलं चिन्ह रद्द करता येतं. पण त्यासाठी दुसऱ्याने अर्ज करावा लागतो, खर्च करावा लागतो. हे ओझं उलटवलं पाहिजे. नूतनीकरणाच्या वेळी मालकानेच वापराचा पुरावा द्यावा. अमेरिकेत नोंदणीनंतर पाचव्या-सहाव्या वर्षी आणि पुढे नूतनीकरणाच्या वेळी तो मागतात. तो जगभर का मागू नये? नोंदवहीतली रिकामी, धूळ खात पडलेली नावं हटली, तर नवं नाव शोधणाऱ्याला जागा मिळेल.

मग भाषेची बाजू. आपण मराठीत 'झेरॉक्स काढून आण' म्हणतो, गरम पाणी 'थर्मास'मध्ये भरतो. दोन्ही शब्द कोणाच्या तरी मालकीची नावं होती. अमेरिकेत 'थर्मॉस' 1963 च्या निकालात सर्वसाधारण शब्द ठरला. कंपनीने सुरुवातीच्या काळात स्वतःच, आमचं नाव घराघरातला शब्द झालंय, असा प्रचार केला होता, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. 'एस्केलेटर' 1950 मध्ये गेला. 'ॲस्पिरिन' अमेरिकेत 1921 मध्ये गेला, जर्मनीत आणि कॅनडात मात्र तो अजून बायर कंपनीचा ट्रेडमार्क आहे. एकच गोळी, एका देशात सगळ्यांची आणि दुसऱ्या देशात एकाची. नाव फार प्रसिद्ध झालं की लोक ते वस्तूलाच लावतात आणि मालकाच्या हातून ते निसटतं. कंपन्या यावर जाहिराती देतात, पत्रं पाठवतात, 'प्रत काढा' म्हणा अशी विनवणी करतात. करोत बापडे. पण कोशकारांनी, बातमीदारांनी आणि बोलणाऱ्या माणसांनी त्या दबावाला भीक घालू नये. लोकांनी शब्द उचलला तर तो लोकांचा. 'गूगल करणे' हे क्रियापद झालं तरी शोधयंत्राचं नाव म्हणून गूगलचा हक्क शाबूत राहतो, असं 2017 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितलंच आहे. म्हणजे बोलणाऱ्यांनी मोकळं बोलल्याने कोणाचं आभाळ कोसळत नाही.

देशांच्या सीमांबद्दल थोडक्यात. नावाचा हक्क त्या त्या देशापुरता असतो. टोयोटाने 1997 मध्ये जपानमध्ये 'प्रियस' गाडी आणली, पण भारतात तेच नाव सुट्या भागांच्या एका कंपनीने आधीपासून वापरलं होतं. 2017 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने टोयोटाच्या विरोधात कौल दिला, कारण त्या काळात भारतातल्या गिऱ्हाइकांमध्ये टोयोटाच्या नावाची पुरेशी ओळख होती हे सिद्ध झालं नाही. चीनमध्ये आधी नोंदवील त्याचा हक्क मोठा, म्हणून 'आयपॅड' या नावासाठी ॲपलला 2012 मध्ये 6 कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या मॅटून या गावाचं. तिथल्या एका दांपत्याने 'बर्गर किंग' हे नाव त्याच नावाच्या मोठ्या साखळीबद्दल काही ठाऊक नसताना घेतलं आणि आपल्या राज्यात नोंदवलं. साखळीची देशपातळीवरची नोंदणी नंतर झाली. 1968 मध्ये न्यायालयाने देशभर साखळीचा हक्क मानला, पण मॅटूनभोवतीच्या 20 मैलांत त्या दांपत्याचा. जिथे ज्याने नाव कमावलं तिथे त्याचं, हा न्याय किती सरळ आहे! आणि तो मिळवायला त्या दोघांना अपील न्यायालयापर्यंत जावं लागलं, हेही विसरता येत नाही.

म्हणूनच धमकीच्या नोटिशींचा प्रश्न मला सगळ्यात तातडीचा वाटतो. खटला लढून जिंकणारे थोडे. नोटीस वाचून घाबरणारे असंख्य, आणि त्यांची नोंद कुठल्याच निकालात नसते. ब्रिटन, भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या कायद्यांत निराधार धमकीविरुद्ध उलट दावा लावायची सोय आहे. भारतात ते 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 142 आहे, ब्रिटनने 2017 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच केला. पण नोटीस देणाऱ्याने खरोखर दावा ठोकला की भारतातल्या कलमाची धार बोथट होते. आणि मुळात हे कलम आहे हेच ज्याला धमकी मिळते त्याला माहीत नसतं. अशा प्रत्येक नोटिशीत, कोणत्या नोंदणीच्या, कोणत्या वर्गाच्या, कोणत्या वापराच्या जोरावर ही मागणी आहे, हे लिहिणं सक्तीचं व्हावं. पोकळ धमकी असेल तर ती तिथेच उघडी पडेल.

आता पुन्हा त्या पहिल्या शिक्क्याकडे. यावर आक्षेप ठरलेला आहे: कंपनी नोंदणी झटपट व्हायला हवी, नोंदणी अधिकारी काही न्यायाधीश नाही, त्याने ट्रेडमार्कचे तंटे सोडवत बसायचं का? मुळीच नको. मी निवाडा मागत नाही, माहिती मागतो. अर्जदाराने नाव टाकलं की दोन्ही वह्यांतली सारखी वाटणारी नावं त्याच पडद्यावर दिसावीत. नुसती अक्षरं जुळणारी नकोत. कानाला सारखी लागणारी हवीत, दुसऱ्या लिपीत लिहिलेली हवीत, अर्थाने तीच असलेली हवीत. तुलना करताना न्यायालयं उच्चार, रूप आणि अर्थ तिन्ही बघतात. चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मायकेल जॉर्डनच्या आडनावाच्या चिनी अक्षरांतल्या रूपावरही त्याचा हक्क मानला. देवनागरीत वेगळं आणि रोमन लिपीत वेगळं दिसणारं नाव उच्चाराला एकच असू शकतं, आणि अक्षरं जुळवत बसणाऱ्या साध्या शोधात ते सापडत नाही. संगणकाला आज हे काम जड नाही. यादी पाहूनही अर्जदाराला तेच नाव हवं असेल तर त्याने खुशाल घ्यावं. निदान डोळे उघडे ठेवून घेईल.

हे होईपर्यंत एक गोष्ट उद्यापासून करता येईल, तीही छपाईपुरत्या खर्चात. कंपनीच्या प्रमाणपत्रावर, सहीच्या वर, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, अर्जदाराच्या भाषेत हे छापावं: 'या नोंदणीमुळे हे नाव माल किंवा सेवांवर वापरण्याचा हक्क मिळत नाही. त्यासाठी ट्रेडमार्कची नोंदवही तपासा आणि वेगळा अर्ज करा.'